चुटकी वाजत नाही म्हणून आलेला माणूस

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत मला फिजिओथेरपिस्ट कोणी म्हणत नाही. करंटवाली मॅडम म्हणतात. माझ्याकडे एक छोटं यंत्र आहे. त्याच्या तारा लावल्या की स्नायूंना सौम्य झिणझिण्या बसतात. माझ्या कामात त्या यंत्राचा वाटा भाजीतल्या मिठाएवढा आहे, बाकी सगळा व्यायाम. पण व्यायाम सांगितला की लोकांचे चेहरे पडतात. "पायच हालवाचे होते त घरी काय वाईट होतं?" असं सगुणाआजी मला दर बाजाराच्या दिवशी विचारतात.

सगुणाआजी जवळच्याच एका खेड्यातून बाजाराला येतात आणि येता येता गुडघे दाखवून जातात. त्या शिव्या देतात, पण न्यायाने देतात. गुडघ्याला एक, एसटीला एक, वीज गेली की वीजवाल्यांना एक. मला त्यांनी अजून दिलेली नाही. माझ्या मदतनीस मंदाताई म्हणतात, "तुमी बोलतच नाही मॅडम, त शिवी लागंन कुठं?"

बाहेरच्या माणसाला माझं काम सांगायचं तर असं, की डॉक्टर हाड जोडतात, ऑपरेशन करतात, आणि त्यानंतर तो हात किंवा पाय पुन्हा कामाला लावायचा, ते माझं. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की कंबरा येतात, कापणी झाली की खांदे येतात, लग्नसराईत वरातीत नाचलेले घोटे येतात. आधी अवयव येतो, त्याच्या मागून हळूहळू माणूस दिसायला लागतो.

मला तो आणखी उशिरा दिसतो. मी भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकले, नागपूरला पदवी घेतली, आणि या सगळ्यात समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला कुठे शिकले नाही. मी खाली बघते. त्यामुळे पेशंटचे पाय मला तोंडपाठ असतात आणि चेहऱ्यांसाठी मंदाताईंना विचारावं लागतं. मराठी आकड्यांचीही तीच गत. पेशंट पाय उचलत मोठ्याने मोजतात आणि तिसाच्या पुढे मी नुसती मान हलवते. एकदा एका काकांनी एकोणपन्नासनंतर थेट एकोणसाठ म्हटलं आणि मी "छान" म्हणाले. मंदाताईंनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

आज लिहायचं आहे ते करडी गावच्या सुखदेवभाऊंबद्दल. नाव बदललं आहे, पण परवानगी घेतली आहे. परवानगी देताना त्यांनी अट घातली. "लिहा मॅडम. पण मले बिचारा बनवू नका. मी खलनायक आहो."

ते पहिल्यांदा आले तेव्हा रोवण्या नुकत्याच आटोपल्या होत्या. बसस्टँडकडून माझ्या दवाखान्यापर्यंत सिमेंटचा सपाट रस्ता आहे. त्या रस्त्यावरून एक उंच, मिशाळ गृहस्थ डावा गुडघा वर उचलत येत होते. गुडघा वर, मग पाऊल थप्प करून खाली. मागून त्यांची बायको पिशवी घेऊन. मंदाताई दारातच उभ्या होत्या.

"काय भाऊ, बांधीतून सरळ इकडेच आले का?"

बांधी म्हणजे धानाचं चिखलाने भरलेलं शेत. बांधीत सगळेच असं चालतात, कारण पाऊल चिखलातून उपटायचं तर गुडघा उंच घ्यावाच लागतो. म्हणून रोवणीच्या सबंध हंगामात सुखदेवभाऊंच्या चालण्यात कोणाला काही वेगळं दिसलं नव्हतं. चिखल संपला, सिमेंट आलं, तरी डावा पाय बांधीतच राहिला. मंदाताई विनोद करून मोकळ्या झाल्या. मी मात्र त्या पावलाकडेच बघत राहिले. घोट्यापासून ते वर उचललंच जात नव्हतं. गुडघा त्याचं काम करत होता.

"पायाला काय होतं?" मी विचारलं.

"पायाले काही नाही. चप्पल थोडी मागं राहते, बस." त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि मधलं बोट जुळवलं, घासलं. काहीच झालं नाही. "हे पाहा. चुटकी वाजत नाही."

मी वर बघितलं. पेशंट काय काय तक्रारी घेऊन येतात, पण ही मी ऐकली नव्हती.

त्यांच्या पत्नी कमलताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "एवढ्यासाठी एसटीनं आलो आमी."

चुटकीचं महत्त्व कळायला मंडई माहीत हवी. भाऊबीजेनंतर आमच्या जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे येतात, दुकानं लागतात, दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य रंगतं, नाटकं होतात. करडीच्या मंडळाच्या नाटकात सुखदेवभाऊ वर्षानुवर्षं एकच काम करत आले आहेत, दुष्ट ठेकेदाराचं. नाटक बदलतं, ठेकेदार तोच असतो. तो पांढरे बूट घालून येतो, चुटकी वाजवतो, दोन गुंड हजर होतात. पुन्हा चुटकी वाजवतो, गुंड हिरोच्या आईला घराबाहेर काढतात. एरवी सुखदेवभाऊ धान पिकवतात, बुद्धविहाराच्या सभेत पाणी वाटतात आणि कोणाशी आवाज चढवून बोलत नाहीत. सगळा दुष्टपणा त्या एका दिवसासाठी जपून ठेवलेला असतो.

"आता मी चुटकी वाजवतो त गुंड येतच नाही," ते म्हणाले. "आवाजच नाही गेला त येतीन कायले?"

"नाटकाचंच सांगून राहिले," कमलताई म्हणाल्या. "टॉर्चचं बटन दाबल्या जात नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, ते नाही सांगत. अन् ते फडफडते ते दाखवा ना."

त्यांनी मोठ्या खुशीने शर्टाची बाही वर सरकवली. दंडावर, कातडीच्या खाली, बारीक बारीक काहीतरी उडत होतं. तलावाच्या पाण्यावर झुळूक फिरावी तसं. एका जागी थांबायचं, दुसऱ्या जागी सुरू व्हायचं.

"मी काहीच करून नाही राहिलो," ते म्हणाले. "आपोआप. तालमीले मंडळी खास पाहाले येते. मांडीत बी होते. अन् जांभई देल्ली का हनुवटीखाली असा गोळा येते का तोंड मिटत नाही. एकदा ग्रामसभेत तसाच राहिलो. सरपंचाले वाटलं, मी त्यायच्या भाषणावर चकित झालो."

"दुखतं का कुठे?"

"नाही."

"मुंग्या? बधिरपणा?"

"नाही बा."

मागून मंदाताई म्हणाल्या, "मंग आले कायले?"

मला भीती नेमकी त्या न दुखण्याचीच वाटत होती. माझ्या धंद्यात दुखणं कामाला येतं. मानेत किंवा कमरेत नस दाबली गेली तर ती सहसा बोंब मारते, कळ काढते, मुंग्या आणते. इथे हातातली आणि पायातली ताकद काही न बोलता निघून चालली होती. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जो मांसल उंचवटा असतो, तिथे त्यांना खळगा पडला होता. मी रबरी हातोडी डाव्या गुडघ्याखाली हलकेच मारली. बारीक होत चाललेल्या पायाने मंद उत्तर द्यायला हवं. पाय असा उसळला की मंदाताई मागे सरकल्या.

"ताकद त लय हाये बाप्पा," त्या म्हणाल्या.

ती ताकद नव्हती. स्नायू झिजलेला आणि तरी झटका जोरात, या दोन गोष्टी एका पायात एकत्र राहत नाहीत. राहिल्या तर फिजिओथेरपिस्टने करंटचं यंत्र बंद करायचं आणि पेशंटला मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं, हे मला शिकवलेलं होतं. मी नागपूरच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांना फोन केला. सुखदेवभाऊंना एवढंच सांगितलं की आणखी तपासण्या कराव्या लागतील. ते म्हणाले, "मंडईच्या आधी होईन ना?"

नागपूरच्या खेपा सुरू असताना इकडे एक वेगळंच प्रकरण उभं राहिलं. सुखदेवभाऊंच्या दंडाची फडफड मॅडमनं चष्मा लावून पाहिली, ही बातमी करडीत पोचली. मॅडमला फडफड आवडते, असा लोकांचा समज झाला. मग ज्याच्या त्याच्या अंगात काही ना काही उडायला लागलं. कोणाची पापणी, कोणाची पोटरी. एक गृहस्थ एसटीतून उतरून थेट आत आले आणि म्हणाले, "लवकर पाहा, रस्ताभर चालू होतं, आता थांबन." ते थांबलंच. मग ते दोन तास बाकावर बसून राहिले, पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत. एक बाई म्हणाल्या, डावा डोळा उडतो तो चांगला की वाईट. मंदाताईंनी मला विचारल्याशिवायच सांगितलं की बायकांचा डावा चांगला. माझ्या दवाखान्यातून मिळालेलं हे सगळ्यात जलद निदान असेल.

यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण होता. त्याने फोनवर वाचून वाचून स्वतःचा आजार आधीच ठरवून आणला होता. मी त्याला चवड्यांवर चालायला लावलं, टाचांवर चालायला लावलं, माझी बोटं आवळायला सांगितली. माझी बोटं दिवसभर दुखली. नुसती फडफड बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. चहा, जागरण, थकवा, काळजी यांनी कोणाचेही स्नायू उडतात. फडफडीबरोबर ताकद जायला लागली, मांस उतरायला लागलं, तर काळजी करायची. हे मी त्याला सांगितलं आणि चहा कमी कर म्हटलं. तो थोडा हिरमुसला. एवढा अभ्यास केला आणि प्रश्न भलताच आला, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मग एका दुपारी सुखदेवभाऊ आणि कमलताई नागपूरहून परस्पर माझ्याकडे आले. दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं, मंदाताई जेवायला गेल्या होत्या.

"शक्यता हाये म्हणे," सुखदेवभाऊ म्हणाले.

"कशाची?"

त्यांनी आजाराचं नाव इंग्रजीत सांगितलं, अगदी स्पष्ट, पाठ केलेल्या संवादासारखं. "मोटर न्यूरॉन डिसीज. मी इचारलं, सायेब, हाये का नाही? त म्हणाले, हाये असं बी सांगता येत नाही, नाही असं बी सांगता येत नाही. सहा महिन्यानं पुन्हा या. असा डायलॉग आमच्या नाटकात असता त लोकायनं खुर्च्या फेकल्या असत्या."

डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. या आजारात मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. हुकूम सुटतो, पण पोचत नाही. डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येतं, कातडीला स्पर्श कळतो, फक्त हालचाल मागे पडत जाते. सुरुवातीला पक्कं सांगणारी एकच एक तपासणी नसते. मानेतली नस, दुसरे आजार, असं एकेक वगळत जायचं, मग थांबायचं आणि पसरतंय का ते पुन्हा बघायचं. तोवर 'शक्यता' या शब्दाला घरात जागा द्यायची. तो शब्द काही बोलत नाही, पण ताटावर बसतो, अंथरुणावर बसतो. कमलताई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"आता माझं एक काम करा मॅडम," सुखदेवभाऊ म्हणाले. "मंडई होईपर्यंत हे कोणाले कळू देऊ नका. अन् मले स्टेजवर दोन पायावर उभं करा."

"मंडळाला सांगितलं तर ते समजून घेतील," मी म्हणाले.

"तेच त. समजून घेतीन. डोळ्यात पाणी आणतीन. सुखदेव, तू आराम कर म्हणतीन, अन् ठेकेदार दुसऱ्याले देतीन. नाही देल्ला तरी काय? बिमार माणसाले कोणी घाबरते का? मी हिरोच्या मायले घराबाहेर काढतो तवा लोकायले माझा राग यायले पाह्यजे. अन् त्यायले कळलं त ते म्हणतीन, अरे अरे, बिचाऱ्याचा हात पाहा. मंग मी कायचा ठेकेदार?"

गुपित ठेवणं मला जमतं. मला तेवढंच जमतं, असं माझी आई म्हणते. प्रश्न लोकांचा होता. लोक विचारणार. सुखदेवभाऊंनी त्याचीही सोय करून ठेवली होती. "गॅप सांगा," ते म्हणाले.

आमच्याकडे मणक्यातला गॅप हा मानाचा आजार आहे. ज्याला गॅप नाही असा माणूस चाळिशीनंतर सापडत नाही. सोयरिकीत सांगता येतो, कामावर सांगता येतो. पण मला खोटं बोलणं अवघड जातं, तेही नैतिकतेमुळे नव्हे, तर वाक्य लांबतं म्हणून. म्हणून मी गप्प राहायचं ठरवलं. मंदाताईंनी विचारलं, "करडीच्या भाऊले काय निंगालं?" मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "गॅप ना? मले वाटलंच." दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तो माहीत झाला होता.

सुखदेवभाऊ मुद्दाम भर दुपारी, सामसूम असताना यायचे. ते माझे सगळ्यात आज्ञाधारक पेशंट ठरले आणि तीच अडचण होती. इतरांच्या मागे लागून मी व्यायाम करून घेते. यांच्या मागे लागून तो थांबवावा लागायचा. एकदा कमलताईंनी सांगितलं, की हे पहाटे उठून जोर काढतात, ताकद परत येईल म्हणून. मला त्यांना सांगावं लागलं की असं झालेल्या स्नायूला दमवायचं नसतं. सांधे मोकळे ठेवायचे, हलकं काम द्यायचं, थकायच्या आत थांबायचं. गेलेली ताकद मी आणून देऊ शकत नाही, हेही त्यातच आलं. ते ऐकून त्यांनी हाताच्या खळग्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग तुमी काय देता?"

"आहे ती जास्त दिवस पुरवते," मी म्हणाले. हे वाक्य मी आधी कधी म्हटलं नव्हतं.

पायाचं काम सोपं निघालं. पाऊल खाली पडू नये म्हणून पोटरीमागून तळव्याखाली जाणारी प्लास्टिकची पातळ पट्टी मिळते. ती बुटात बसते, वरून पँट. अडचण एवढीच की पट्टीमुळे डावा बूट एक माप मोठा लागतो. भंडाऱ्याच्या दुकानदाराला मी दोन मापांचे दोन पांढरे जोड मागितले, तेव्हा त्याने सोबतच्या सुखदेवभाऊंकडे न बघता माझ्याकडेच सहानुभूतीने बघितलं. उरलेले दोन बूट मंदाताईंच्या यजमानांना दिले. ते अजून घालतात आणि कोणी हटकलं की फॅशन आहे म्हणतात.

चुटकी मात्र माझ्या हाताबाहेरची होती. त्यावर तोडगा ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याने काढला. ऑक्टोपॅड हे काड्यांनी वाजवायचं विजेचं वाद्य, त्यातून ढोलापासून काच फुटण्यापर्यंत कुठलाही आवाज काढता येतो. गॅपमुळे ठेकेदाराची बोटं आखडली आहेत, असं त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुमी नुसती बोटं दाखवा भाऊ, चुटकी मी वाजवतो."

मंडईत रात्रीचा मान बाहेरून आलेल्या कंपनीच्या नाटकाचा असतो, म्हणून गावच्या मंडळाचं नाटक दुपारीच होतं. लख्ख उजेडात. मी मंदाताईंबरोबर बायकांमध्ये जाऊन बसले. पुढच्या रांगेत, पाय पसरून, जावयाकडे पाहुण्या आलेल्या सगुणाआजी होत्या. मला बघून म्हणाल्या, "करंटवाली बी आली. आता इथं नको व्यायाम सांगू."

ठेकेदार आला. पांढरे बूट, काळा चष्मा. मी चेहरा बघितलाच नाही. डाव्या बुटाकडे बघत होते. पाऊल सरळ उचललं गेलं, सरळ टेकलं. त्याने हात वर केला आणि ऑक्टोपॅडमधून चुटकी आली, इतकी मोठी की पहिल्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं. गुंड धावत आले.

दुसऱ्या चुटकीला घोळ झाला. वादकाचं लक्ष कुठे गेलं होतं कोणास ठाऊक. ठेकेदाराने हात वर केला, बोटं फिरवली, आवाज नाही. गुंड विंगेत उभेच. लोकांत कुजबुज. आणि त्याने हात खाली घेतल्यावर चुटकी वाजली, एक नाही, लागोपाठ तीन. गुंड एकदा आले, गेले, पुन्हा आले. मागून हशा सुरू झाला. मंडप हसायला लागला की थांबत नाही. सुखदेवभाऊंना ज्याची भीती होती, ते असंच सुरू होणार होतं. आधी लोक हसणार, मग त्या हाताकडे बघणार.

सुखदेवभाऊ थांबले. चष्मा काढला. तो काढताना अंगठ्याने दगा दिला, चष्मा खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. गुंडांना हाताने मागे सारलं आणि स्वतःच हिरोच्या आईसमोर गेले. तालमीत हे नव्हतं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हातारे, तुले बाहेर काढाले मले गुंड कायले लागते?" आणि उजव्या कोपराने तिला असं लोटलं, की आईचं काम करणारे मास्तर खरोखर दोन पावलं धडपडले. मंडपात आवाज उरला नाही.

पहिल्या रांगेत सगुणाआजी उठून उभ्या राहिल्या. गुडघ्यांचा विसर पडून.

"मेल्या," त्या ओरडल्या, "मायवर हात टाकते? झडतीन तुये हात. लोळागोळा होऊन पडशीन."

मंडपाने टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ठेकेदार आजींकडे बघून मिशीवर हात फिरवत होता आणि इतका सुखी माणूस मी मोहाडी तालुक्यात पाहिला नव्हता.

नाटक संपल्यावर मी मंडपामागे गेले. ते खुर्चीत बसले होते, पायातली पट्टी कमलताई सोडवत होत्या. "ऐकलं ना मॅडम?" ते म्हणाले. "आतून आली होती ते शिवी. थोडी बी कीव नव्हती तिच्यात."

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मंडई झाली आणि सुखदेवभाऊंची सावधगिरी सैल पडली. पुढच्या आठवड्यात ते दुपारची वेळ सोडून बाजाराच्या दिवशी सकाळीच आले. बाकावर गर्दी होती, करडीचीही दोन-तीन माणसं होती. सगुणाआजी होत्या. सुखदेवभाऊंनी टेकायला म्हणून उजवा हात बाकाच्या पाठीवर ठेवला, नेमका आजींच्या डोळ्यांसमोर.

आजी त्या हाताकडे बघत राहिल्या. मग वर बघून त्यांनी चेहरा ओळखला.

"तू ठेकेदार ना?"

"हो आजी."

"हे काय झालं हाताले?"

"गॅप हाये," मंदाताई म्हणाल्या.

आजींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी तो हात दोन्ही हातांत घेतला, खळग्यावर अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "माझ्यानं झालं," त्या म्हणाल्या. "मी बोलली, अन् झडाले लागला. माय व, नाटक होतं ते, नाटकातल्या माणसाले देल्ली होती मी. खऱ्या माणसाले लागली."

"असं काही नसते आजी," सुखदेवभाऊ म्हणाले. "आमच्या घरी शाप-गिप मानत नाही. तुमी बी मानू नका."

"तू नको मानू. लागली ना पण." त्या रडायला लागल्या. "मी वापस घेतो रे बाबा. कसं घेतात वापस, सांग. मी नवस बोलतो. हे पाप घेऊन मी कुठं जाऊ या वयात?"

मला बोलता आलं असतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा हात शिवीच्या कितीतरी आधीपासून झिजत होता, हे मला माहीत होतं. पण ते सांगणं माझं नव्हतं. बाकावरची सगळी माणसं बघत होती, करडीची माणसं तर वाकून बघत होती. सुखदेवभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मीही त्या वेळी खाली बघितलं नाही.

ते आजींच्या शेजारी बसले.

"आजी, ऐका. हे रोवणीपासून हाये. तुमी शिवी देल्ली त्याच्या लय आधीपासून. गॅप-गीप काही नाही. नागपूरच्या डॉक्टरले संशय हाये का हे वाढत जाईन. पाय बी जाईन, हळूहळू. पक्कं नाही, पण शक्यता हाये. मीच कोणाले सांगितलं नव्हतं. मंडईत तुमी पाहिला तवा बी हात असाच होता. म्हणून त मी कोपरानं लोटलं."

बाकावरच्या एका माणसाच्या तोंडून "अरे" निघालं आणि त्याने ते अर्ध्यावर गिळलं. आजी सुखदेवभाऊंच्या तोंडाकडे बघत होत्या, खोटं बोलतोय का ते तपासत. मग त्यांनी पदराने नाक पुसलं.

"आईची आण घे. माझ्यानं नाही झालं?"

"तुमच्यानं नाही झालं."

"मंग ते शिवी?"

"ते माझी हाये," सुखदेवभाऊ म्हणाले. "ते वापस नाही देत मी. पुढच्या मंडईले मी खुर्चीवर बसून ठेकेदार करीन. तवा बी द्या. फक्त मले पाहून रडू नका."

आजी गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि आत जाऊन पलंगावर चढल्या. माझ्याकडे पाय केले. मग दाराबाहेर बघून म्हणाल्या, "काम चांगलं केलं त देईन. उगाच नाही देत मी कोणाले."